चेंडू नसताना

सरकारी नोकरीत माणसाला ज्या नाना विद्या नकळत अवगत होतात, त्यांत दुसऱ्या माणसाविषयी चार ओळींत मत देण्याची विद्या मी फार वरची मानतो. तीस-बत्तीस वर्षे मी इतरांचे गोपनीय अहवाल लिहिले आणि इतरांनी माझे लिहिले. बुद्धिमत्ता, उपक्रमशीलता, हाताखालच्यांशी वर्तन, सचोटी हे रकाने ठरलेले असत. आणि ते भरता भरता हात असा काही बसतो की, पुढे पुढे माणूस आठवला नाही तरी अहवाल लिहून होतो. निवृत्त होऊन मुनीरक्याच्या घरात राहायला आल्यावर ही विद्या गंजत पडेल असे वाटले होते. पण गेल्या वर्षी मार्चमधल्या एका संध्याकाळी माझ्याच खात्यातले, वर्ध्याकडचे एक गृहस्थ घरी आले आणि त्यांनी ती पुन्हा मागितली; तीही आपल्या चौदा वर्षांच्या मुलासाठी.

त्यांची बदली ऐजोलला झाली होती. मुलगा बास्केटबॉल खेळत होता, बरा खेळत होता, आणि दिल्लीच्या परिसरातल्या एका प्रशिक्षणसंस्थेत निवासी म्हणून त्याला घेण्याची शक्यता निर्माण झाली होती. म्हणजे मुलाला इथे वसतिगृहात ठेवायचे आणि आईबापांनी दोन हजार किलोमीटर पलीकडे जाऊन राहायचे. "साहेब, तुम्ही खेळलेले आहात," ते म्हणाले. "एकदा पोराला पाहून घ्या आणि मनापासून सांगा. आहे का त्याच्यात काही?" वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकच वाक्य बोलल्या: "हातपाय लांब आहेत म्हणून पोर दुसऱ्याच्या दारी ठेवायचे का, तेवढे विचारा."

मी खेळलेलो आहे हे खरे, पण त्याचा डौल मिरवावा असे काही नाही. माझा मूळ खेळ सांगलीचा, म्हणजे खो-खो. दिल्लीला आल्यावर केंद्रीय नागरी सेवा सांस्कृतिक व क्रीडा मंडळाच्या आंतरमंत्रालयीन सामन्यांत बास्केटबॉलच्या संघाला एक गडी कमी पडत होता म्हणून मला पाच फूट सात इंचांसह भरती करण्यात आले. विनय मार्गाच्या मैदानावर काही वर्षे धावलो. पुढे गुडघ्याने राजीनामा दिला तेव्हा पंचाची शिट्टी गळ्यात अडकवली. तेवढ्या पुण्याईवर एका मुलाच्या आयुष्याविषयी बोलायचे होते.

रामकृष्णपुरमच्या त्यांच्या सेक्टरात जे मैदान आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या वसाहतीत पाहिलेलेच असेल. सिमेंटला तडे, एका बाजूची रिंग जराशी वाकलेली, जाळी कोणाच्याही आठवणीत नसलेली. कडेला कडुलिंबाखाली इस्त्रीवाल्याची हातगाडी. मुलगा सहा फूट दीड इंच उंच होता. क्वार्टरच्या दाराच्या चौकटीवर वहिनींनी पेन्सिलीने दर वाढदिवसाला खुणा केलेल्या होत्या, आणि शेवटच्या दोन खुणांमधले अंतर पाहून मीही चकित झालो. त्याने पहिल्याच उडीत रिंगला हात लावला. चार मोठ्या मुलांच्या डोक्यावरून चेंडू काढून घेतला. टाकलेला चेंडू फळीला लागून आत पडला की तो हळूच आमच्या दिशेने पाही. मी त्या रात्री मनातल्या मनात 'अत्युत्कृष्ट' असा शेरा मारून मोकळा झालो. चौदाव्या वर्षी रिंगला हात लागणे म्हणजे काय, हे ज्याला जन्मभर तिथपर्यंत हात पोहोचला नाही त्यालाच कळते.

या रिंगच्या उंचीची कथा सरकारी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हा खेळ बसवला तेव्हा पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. त्यामागे दुसरे शास्त्र नव्हते. तात्पुरती म्हणून झालेली ती सोय पुढे जगाचा नियम झाली, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे माणसांचे मोल त्या दहा फुटांपासूनच्या अंतरावर ठरत आले. आपल्याकडे हा खेळ ख्रिश्चन तरुणांच्या वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या शिक्षकांबरोबर मद्रासेत आला, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली याच नव्या दिल्लीत झाली.

उंचीला नाक मुरडण्यात अर्थ नाही. उंच माणसाला खेळ शिकवता येतो, खेळणाऱ्याला उंची शिकवता येत नाही, असे या धंद्यातले लोक म्हणतात ते काही खोटे नाही. परंतु उंचीची मोठी अडचण अशी की ती मोजता येते. आणि जे मोजता येते ते फायलीवर टिकते. १९८४ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सात फूट एक इंचाचा सॅम बोवी उचलला आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकाने शिकागोकडे गेला. या गोष्टीवर लोक आजही हसतात. मला हसू येत नाही. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या जागी खेळणारा चांगला गडी आधीच होता, त्यांना उंच माणूसच हवा होता. कोणत्याही लेखापरीक्षकाने तो निर्णय निर्दोष ठरवला असता. हीच तर भीती वाटण्यासारखी बाब आहे.

आपल्या जवळची गोष्ट घ्या. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच. २०१० साली शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने ५२ व्या क्रमांकावर त्याचे नाव घेतले. भारतात जन्मलेल्या खेळाडूचे नाव त्या यादीत प्रथमच आले. मुख्य स्पर्धेतला एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच्या आदल्याच वर्षी, ४१ व्या क्रमांकावर, निकोला योकिच या सर्बियाच्या मुलाचे नाव पुकारले गेले, तेव्हा दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थांची जाहिरात चालू होती. उंच तोही होता, पण गोलमटोल, पळायला जड, आणि उडी अशी की पायाखालून वर्तमानपत्र सरकवायला जमू नये. तोच २०२१, २०२२ आणि २०२४ साली त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे सामने मी पहाटे उठून पाहिले आहेत. चेंडू त्याच्या हातात येतो त्याच्या आधीच तो कोणाला द्यायचा हे त्याला ठाऊक असते. ही गोष्ट कोणत्या टेपने मोजणार?

सतनामविषयी लिहिताना मन जरा चाचरते. त्याच्यात गुण नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे पाहणाऱ्या आपण सर्वांनी सात फूट दोन इंच एवढेच पाहिले, आणि मग त्या आकड्याकडून चमत्काराची अपेक्षा केली.

दुसऱ्या संध्याकाळी मला सांगलीचे आमचे मास्तर आठवले. खो-खोच्या निवडीला ते धावणाऱ्याकडे पाहतच नसत. चौकात बसलेल्या आठ गड्यांकडे पाहत. "पळताना कोणीही हुशार दिसतो," ते म्हणत, "बसलेला काय करतो ते बघ." खो मिळण्यापूर्वीच ज्याच्या टाचेत हालचाल सुरू झालेली असे, ज्याची मान पळणाऱ्याबरोबर वळत असे, त्याचे नाव ते वहीत टिपून घेत. आणि खो देणारा! ऐन पाठलागात, हाताला गडी लागेल असे वाटत असताना, आपला मोह आवरून दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायची आणि त्याच्या जागी खाली बसायचे. ती थाप अर्ध्या क्षणाने आधी पडली तर फुकट, नंतर पडली तर फुकट. मास्तरांच्या मते सगळा खेळ त्या अर्ध्या क्षणात होता.

म्हणून मी त्या दिवशी चेंडूकडे पाहायचे नाही असे ठरवले. हे वाटते तितके सोपे नाही. डोळे चेंडूमागे ओढले जातात. पण नेटाने पाहिले तेव्हा आदल्या दिवशीचा माझा शेरा हळूहळू फिका पडू लागला. चेंडू हातातून गेला की मुलगा कमरेवर हात ठेवून उभा राही. आपल्या हातून चेंडू निसटला तर प्रथम बापाकडे पाही आणि मग धावे. उजवा हात सुरेख चाले. डावा हात केवळ सदऱ्याची बाही भरण्यापुरता.

आणि त्याच मैदानावर, चेंडू नसलेल्या बाजूला, मला दुसरा एक मुलगा दिसला. इस्त्रीवाल्याचा. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, पायांत थोरल्या भावाचे बूट. तो सारखा बोलत होता. कोणाच्या मागून कोण येतो आहे, कुठे जागा मोकळी झाली आहे, हे तो ती मोकळी होण्याच्या आधी सांगे. त्याने स्वतः तासाभरात तीनदाच रिंगकडे चेंडू फेकला असेल. पण तो ज्या बाजूला खेळे ती बाजू जिंके. मुलांनी बाजू बदलल्या, पुन्हा तेच झाले. त्याच्याविषयी मला कोणी काही विचारलेले नव्हते.

मला आमच्या आवक-जावक शाखेतला एक कारकून आठवला. मी त्याला सलग तीन वर्षे 'सर्वसाधारण' लिहिले. बोलायला मुखदुर्बळ, टिपणीत इंग्रजी कच्चे. चौथ्या वर्षी तो दोन महिने आजारी रजेवर गेला आणि शाखा बसली. कोणती फाईल कोणाच्या टेबलावर अडते, कोणत्या साहेबाला कोणत्या वेळी कागद दाखवू नये, हे सारे त्या एका माणसाच्या डोक्यात होते. तो परत आला तेव्हा माझी बदली झालेली होती आणि त्याच्या सेवापुस्तिकेत माझी तीन वर्षे तशीच राहिली. बास्केटबॉलवाल्यांनी यावर एक साधा उपाय शोधला आहे: खेळाडूने किती गुण केले हे न पाहता, तो मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे गेला अथवा मागे पडला ते मांडायचे. ह्यूस्टनच्या संघात शेन बॅटिए नावाचा एक खेळाडू होता. त्याच्या नावापुढचे आकडे अगदी बेताचे, पण तो आत आला की संघ वाढे आणि प्रतिपक्षाचा मोठ्यात मोठा खेळाडू आडवाटेला लागे. २००९ साली त्याच्यावर अमेरिकेत एक मोठा लेख आला होता. तो वाचताना मला खेळाडूपेक्षा आमचा कारकूनच डोळ्यांपुढे दिसत राहिला.

एप्रिलमध्ये निवडचाचणी झाली. २०१७ साली ग्रेटर नोइडाला एनबीएने भारतातली आपली अकादमी उघडली, आणि तिच्या पहिल्या तुकडीतला प्रिन्सपाल सिंग पुढे ऑस्ट्रेलियामार्गे अमेरिकेपर्यंत पोहोचला. तेव्हापासून यमुनेच्या दोन्ही काठांवर आईबापांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक आली आहे. आम्ही गेलो ती चाचणी दुसऱ्या एका संस्थेची होती. मी माझ्या जबाबदारीवर इस्त्रीवाल्याच्या मुलालाही गाडीत घेतले. वहिनींनी दोघांना सारखेच डबे दिले.

तिथे एक छापील तक्ता होता. उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने हात पोहोचतो ती उंची, जागची उडी, वीस मीटर धाव. रकाने पाहताच मला घरी आल्यासारखे वाटले. चौदा वर्षांखालच्या रांगेत काहींना मिसरूड फुटलेली होती आणि एकाच्या गालावर वस्तऱ्याची ताजी जखम होती. आपल्याकडे बाळपणाच्या खेळात हा एक मोठाच रोग आहे. २०१० साली क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरुद्ध संहिता केली; मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. सरकारी नोकरीत जन्मतारीख दुरुस्त करायला पाच वर्षांची मुदत असते; या मुलांच्या जन्मतारखा मात्र दर हंगामाला तरुण होतात. पण लबाडी सोडली तरी प्रश्न उरतोच. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. वरच्या दर्जाच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार निघाले. कारण एवढेच की वयोगटाची गणना जानेवारीपासून होते, आणि बारा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांनी मोठा असलेला मुलगा गुणी दिसतो. गुणी दिसला म्हणून त्याला अधिक शिकवतात, आणि अधिक शिकवल्यामुळे तो खरोखरच गुणी होतो. आपण गुण ओळखला की निर्माण केला, हे मग ओळखणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वर्ध्याच्या मुलाचे सर्व रकाने भरले. धाकट्याची उंची लिहून झाल्यावर त्या गृहस्थांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि त्याला कडेला बसायला सांगितले. चेंडू त्याच्या हातात दिलाच नाही. परतीच्या वाटेवर, द्रुतगती मार्गावर, तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत गप्प होता. मला वाटले, रडतो की काय. अक्षरधाम दिसू लागले तेव्हा तो मागे वळून मोठ्याला म्हणाला, "भैया, तेरा बायाँ हाथ है ही नहीं. सब को पता चल गया." तीन तास कडेला बसून त्याने ते काम केले होते. मोठा संतापला. मुनीरक्यापर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही.

मी माझ्याकडून एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांना दूरध्वनी केला आणि धाकट्याचे पुष्कळ वर्णन केले. त्यांनी ते सौजन्याने ऐकून घेतले आणि विचारले, "हाइट?" मी सांगितली. पलीकडे शांतता पसरली. आडनावाचा पुरावा मागितल्यानंतर कचेऱ्यांत पसरते तशी.

मे महिन्याच्या अखेरीस, दिल्लीच्या उन्हाच्या भीतीने मी पहाटे साडेपाचलाच फिरायला निघालो होतो. मैदानाशी आलो तो चेंडूचा आवाज. वर्ध्याचा मुलगा एकटा. उजवा हात त्याने पाठीमागे रुमालाने पट्ट्याला बांधून घेतला होता आणि डाव्या हाताने चेंडू आपटत तो या टोकाकडून त्या टोकाकडे जात होता. चेंडू दर सातव्या-आठव्या पावलाला पायावर आपटून मेंदीच्या कुंपणात जाई. तो जाऊन आणी. वाकडा दिसत होता, थोडा हास्यास्पदही. हातगाडीच्या फळीवर बसून धाकटा मोजत होता: "ग्यारह. फिर से." मी कडुलिंबाआड उभा राहिलो. वीस मिनिटांत त्याने एकदाही आजूबाजूला पाहिले नाही. पाहायला तिथे बापही नव्हता.

त्या संध्याकाळी गृहस्थ आले. वसतिगृहाचे पैसे भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती. "काय लिहिलेत, साहेब?" त्यांनी हसून विचारले, पण हसण्यात जीव नव्हता. मी खरे ते सांगितले. मार्चमध्ये मी एक मुलगा पाहिला होता आणि आज पहाटे दुसरा पाहिला. या दोहोंतले अंतर हीच काय ती माझ्या हाती लागलेली खूण, आणि ते अंतर पुढे वाढते की आटते हे पाहायला मला आणखी दोन हिवाळे लागतील. ते म्हणाले, "मला पंधरा जूनला रुजू व्हायचे आहे." मी निरुत्तर झालो. आपल्या साऱ्या बिऱ्हाडांची हीच कथा आहे. तीन वर्षांत मास्तर बदलतात, मैदाने बदलतात, मुलाला पहिल्यांदा पाहणारे गावोगाव भेटतात. दुसऱ्यांदा पाहणारा कोणी राहत नाही. तेवढे दोघे सोडले तर.

"घेऊन जा," मी म्हणालो. "त्याला रोज पाहणारी माणसे तुम्ही दोघेच आहात."

त्यांचा चेहरा उतरला. मुलात काही नाही असेच मी म्हटले, असे त्यांनी मानले. वहिनी मात्र तडक उठून ट्रंका काढायला गेल्या. ते सहकुटुंब ऐजोलला गेले, आणि नोव्हेंबरपर्यंत मला त्यांच्याकडून अक्षर आले नाही. त्या महिन्यांत मी पुष्कळदा विचार केला की आपण एका पोराची वाट अडवली काय. आजही तसे नसेलच, असे मी शपथेवर सांगणार नाही.

नोव्हेंबरात दूरध्वनी आला. ऐजोलला त्या खेळाचे केवढे वेड आहे याची आम्हां दोघांनाही कल्पना नव्हती. डोंगरउतारावरच्या त्या गावात सपाट जागा दुर्मिळ, पण जिथे ती सापडते तिथे रिंग उभी असते. मुले उंचीने बेताची. म्हणून रिंगखाली उंच गड्याला उभे करून ठेवण्याची पद्धतच नाही, सगळेच धावतात, सगळेच चेंडू नेतात. आमच्या सहा-फुट्याला पहिले दोन महिने कोणी संघात घेतले नाही. त्याच्या खांद्याला लागणारी मुले त्याच्या हातातून चेंडू काढून नेत. "रोज हरून येतो," गृहस्थ म्हणाले, "आणि रोज जातो." आवाजात तक्रार होती की आणखी काही, ते तारेवरून नीट कळले नाही.

रामकृष्णपुरमच्या त्या क्वार्टरात आता दुसरे कुटुंब आले आहे. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा रंगाच्या हातात गेल्या. येत्या डिसेंबरात वर्ध्याची मंडळी रजेवर येताना चार दिवस माझ्याकडे उतरणार आहेत, आणि मी एक सकाळ मैदानासाठी राखून ठेवली आहे. ही बातमी मी इस्त्रीवाल्याच्या मुलाला सांगितली तेव्हा तो वडिलांच्या शेजारी कपड्यांच्या घड्या मोजत होता. पाच फूट पाच झाला आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "अंकल, अब तक तो वो दायाँ भूल गया होगा."